पेन्शनीत निघालेली स्मरणशक्ती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली तो स्वतः साठीच्या अलीकडे असला पाहिजे. पलीकडे असता तर इतक्या निःशंकपणे बोलण्याचे धाडस त्याला झाले नसते. मी आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. ही म्हण खोटी आहे असे ठासून सांगावे अशी फार इच्छा होते. पण घरची मंडळी ऐकत असतात, आणि त्यांच्यापाशी पुरावे आहेत.

माझी नोकरी तालुक्याच्या एका कचेरीतली. छत्तीस वर्षांपैकी बावीस रेकॉर्डच्या खोलीत गेली. आमच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, आणि तिनेच पुढे आमच्या आयुष्याचा हिशेब केला. तेव्हा मी ३१ मे २०१४ रोजी, वयाची ५८ वर्षे भरल्यामुळे, श्रीफळ आणि शाल घेऊन नेवाशातल्या माझ्या घरी परत आलो. त्या दिवशीपर्यंत तालुक्यातल्या कुठल्याही गावाचे नाव घ्यावे आणि मी कपाट, खण आणि बस्ता सांगावा, असा माझा लौकिक होता. कोणी म्हणत, ‘ह्यांच्या डोक्यातच कचेरी आहे.’ मला ते खरे वाटे. माझ्या डोक्यात नसून कचेरीतच माझे डोके होते, हे कळायला दीड वर्ष लागले.

पुढल्या वर्षीच्या दिवाळीचा तो आठवडा. माझ्या जागी आलेल्या मुलाचा फोन आला. ‘काका, प्रवरासंगमच्या जुन्या फेरफारांचे बस्ते कुठल्या कपाटात?’ प्रवरासंगम म्हणजे आमचे शेजार. तिथला बस्ता मी अंधारात हात घालून काढला असता. मी ‘सांगतो’ म्हणालो आणि गप्प झालो. खोली डोळ्यांसमोर आली, वाळवीच्या औषधाचा वाससुद्धा आला, पण कपाट काही येईना. शेवटी तोच बिचारा म्हणाला, ‘राहू द्या काका, शोधतो.’ त्या ‘राहू द्या’ने मला जे वाटले ते निरोपाच्या भाषणांनी वाटले नव्हते. रात्री दोन वाजता मी अंथरुणात उठून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, ‘तिसरे कपाट, खालचा खण!’ आमच्या मंडळींनी दिवा लावला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि सकाळी डॉक्टरांकडे जायचे ठरवून टाकले.

डॉक्टरांनी काही दोष काढला नाही. पण भीती गेली नाही, कारण तिला एक नाव होते. ते नाव अण्णांचे.

अण्णा आमचे हेडक्लार्क. मला मोडी वाचायला त्यांनी शिकवले. त्यांच्या काळी शाळेत मोडीचे वळण हातावर पट्टी मारून बसवीत, आणि तीच विद्या त्यांनी मला दुपारच्या डब्यानंतर, पट्टीवाचून, दिली. ते निवृत्त झाले ते तल्लख माणूस म्हणून. त्यानंतर ओट्यावर बसू लागले. पहिल्या वर्षी वर्तमानपत्र पूर्ण वाचीत; मग मथळे; मग नुसते हातात धरीत. सहा-सात वर्षांनी मी एका लग्नपत्रिकेच्या निमित्ताने गेलो तर त्यांनी मला ओळखले, पण माझे नाव ओट्यावरून हातून निसटलेल्या काठीसारखे त्यांना सापडेना. मला खटकले ते निराळेच. त्या सहा-सात वर्षांत एखाददुसरे अक्षर अडले म्हणून मी कितीदा कागद तसाच बाजूला ठेवला होता! अण्णांचे घर सायकलीवर दहा मिनिटांचे. मी एकदाही विचारायला गेलो नाही. म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला द्यायचा, असे मी समजत होतो.

मग मी निवृत्तीचा इतिहास चाळू लागलो. कारकुनाचा स्वभाव, भीती वाटली की कागद काढून पाहायचा. माणसाने अमुक वर्षी काम थांबवावे ही रेघ जुनी नाही, आणि ती वैद्यांनी ओढलेलीही नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनीचा कायदा झाला; त्यात वय होते ७०. १९१६ साली ते ६५ वर आले. आपल्याकडे इंग्रजी अंमलात ५५ ची रेघ रूढ झाली आणि १९२२ च्या सेवानियमांत ती पक्की बसली. केंद्र सरकारने १९६२ साली ५५ ची ५८ केली आणि १९९८ साली ५८ ची ६०. महाराष्ट्राच्या नोकरीत माझ्यासारख्याला ५८, आणि आमच्या कचेरीतल्या शिपायाला मात्र ६०! आता बुद्धी जर खरोखर वयाच्या ठरावीक दिवशी नासत असती, तर ती सरकारी अधिसूचना वाचून दोन-दोन, तीन-तीन वर्षे पुढे सरकत गेली, असे म्हणावे लागेल. आमच्या वेशीबाहेरच्या शेतकऱ्याला तर ही रेघ लागूच नाही. तो नांगराच्या मागून बांधावर येतो, बांधावरून ओट्यावर. पण पाऊस कधी पडेल हे त्याला शेवटपर्यंत विचारले जाते.

ह्या शोधात मला सर्वांत मोठा आधार दिला तो रियासतकार सरदेसायांनी. त्यांची कथा मराठी वाचकाला ठाऊक असते, पण पेन्शनरांच्या बाजूने ती कोणी फारशी वाचलेली नाही.

गोविंद सखाराम सरदेसाई १८६५ साली रत्नागिरीकडच्या गोविल गावी जन्मले. १८८९ साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांचे रीडर झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, त्यांच्या शंकांना उत्तरे द्यायची, पुढे राजपुत्रांना शिकवायचे, असे ते काम. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच रियासतीचा जन्म झाला. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ सालचा. म्हणजे हा माणूस तीस-पस्तीस वर्षे अशा धन्याजवळ होता की, ज्याला रोज काहीतरी नवे विचारायचे असे. १९२५ च्या सुमारास, बरोबर साठीला, ते नोकरीतून मोकळे झाले. घरात दुःख मोठे होते. मुलगा श्यामकांत तरुणपणीच गेला होता. पुण्याच्या पलीकडे इंद्रायणीकाठी कामशेत नावाचे लहान गाव आहे. तिथे ते आणि त्यांच्या पत्नी राहायला आल्या. साठ वर्षांचा माणूस, मुलाचे दुःख, नदीकाठचे आडगाव आणि पेन्शन. म्हणीला जो जो मसाला लागतो तो सगळा जमला होता.

पुढे काय झाले ते पाहा. १९२९ साली मुंबई सरकारने पुण्यातले पेशवे दफ्तर उघडून त्यातले निवडक कागद छापायचे ठरवले आणि हे काम सरदेसायांकडे दिले. त्यावरून पुण्याच्या संशोधकांत बरेच वादळ उठले. निवड कोणी करावी, कशी करावी, काय सुटले, ह्यावर पुष्कळ शाई खर्च झाली, आणि टीकेतले सगळेच काही असूयेपोटी नव्हते. पण आपण फक्त कामाचा डोंगर पाहू. रुमालामागून रुमाल सोडायचे. मोडीत शब्द सुटे नसतात. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे जोडत नेलेली असतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सनावळी अरबी शब्दांची: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असले की एक, सत्तर, शंभर आणि हजार अशी बेरीज करून ११७१ काढायचे, त्यात ५९९ मिळवायचे, की १७७० हे इसवी साल हाती येते. हे तर सोपे झाले! असंख्य पत्रांवर नुसता चंद्र आणि महिना असतो, साल नसतेच. मग पत्रात कोणाचा उल्लेख आहे, फौज कुठे पडली आहे, कोण आजारी आहे, ह्यावरून वर्ष ठरवायचे. मी तहसिलातल्या कागदांवर ह्याचा शतांश भाग केला आहे, आणि संध्याकाळी डोके कसे ठणकते ते जाणतो. सरदेसाई त्या वेळी ६४ वर्षांचे होते. हाताशी तरुण साहाय्यक घेऊन त्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड बाहेर काढले.

आणि हे संपल्यावर तरी ओट्यावर बसावे! त्यांनी इंग्रजीत मराठ्यांचा नवा इतिहास लिहायला घेतला. तीन खंड १९४६ ते १९४८ मध्ये निघाले. पहिला निघाला तेव्हा लेखक ८१ वर्षांचा होता, शेवटचा निघाला तेव्हा ८३ वर्षांचा. ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र १९५६ चे, पद्मभूषण १९५७ चे. १९५९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ९५ व्या वर्षी, कामशेतलाच ते गेले.

आता ‘काम करा म्हणजे बुद्धी शाबूत राहील’ असे मी म्हणणार, अशी वाचकांची समजूत झाली असेल. तसे नाही. काम तर अण्णांकडेही देता आले असते; मला वाटते, सरदेसायांजवळ आणखी एक गोष्ट होती, आणि ती कलकत्त्याला राहत होती. सर जदुनाथ सरकार त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. तेही १९२६ मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा चार खंडांचा इतिहास त्यानंतर, १९३२ ते १९५० ह्या काळात, त्यांनी प्रसिद्ध केला. ह्या दोघांचा पत्रव्यवहार अर्धशतकभर चालला. जदुनाथ मोठे करडे गृहस्थ. चूक दिसली की सोडायचे नाहीत, आणि सरदेसायांना मराठी कागदांतले काही हवे असले की टपालाने मागायचे. ते मुद्दाम कामशेतला येऊन राहत. बडोद्याला महाराज विचारीत होते; बडोदे सुटले, पण विचारणारा सुटला नाही. इंद्रायणीच्या काठी पोस्टमन येतो, त्याच्या पिशवीत एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर आठ दिवसांत न गेले तर कलकत्त्याहून दुसरे पत्र येते. अशा माणसाला वृद्ध व्हायला सवड कधी मिळणार?

अशी नावे आणखी आहेत. महर्षी कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. रामकृष्णपंत भांडारकर १८९३ साली डेक्कन कॉलेजातून बाहेर पडले आणि वैष्णव-शैव पंथांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, निघाला. पण मी रेकॉर्डकीपर असल्यामुळे मला एक शंका येते. ह्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत ती ते तल्लख राहिले म्हणूनच. ज्यांच्या बुद्धीला गंज चढला त्या शेकडो पेन्शनरांचे चरित्र कोण लिहितो? सदाशिव पेठेतल्या बाकांवर बसून जे हळूहळू मुके झाले त्यांची नोंद कुठल्याच बस्त्यात नाही. थोरांवरून नियम काढणे म्हणजे फक्त मंजूर झालेले अर्ज पाहून कचेरीचा कारभार ठरवणे होय.

म्हणून सामान्यांचे काय, हे पाहायला हवे. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ नोकरांची प्रकृती १९८५ पासून तपासण्याचा एक मोठा उद्योग चालू आहे. त्याला व्हाइटहॉलचा दुसरा अभ्यास म्हणतात. माझेच भाऊबंद! त्यांपैकी ३,४३३ जणांच्या निवृत्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या चाचण्या जुळवून २०१८ साली निष्कर्ष छापले गेले. ऐकलेले शब्द आठवून सांगण्याची शक्ती निवृत्तीनंतर आधीपेक्षा ३८ टक्के अधिक वेगाने घटत होती. मात्र विचार करण्याची, तर्क बांधण्याची शक्ती निवृत्तीमुळे वेगळी अशी घटलेली दिसली नाही. म्हणजे माझे कपाट हरवले ते नियमानुसारच. त्यातली मला सर्वांत रुचलेली गोष्ट ही की, मोठ्या हुद्द्यावरच्यांची स्मृती नोकरीत असेतोवर सावकाश घटते, पण निवृत्त होताच तो लाभ संपतो. साहेब आणि कारकून ओट्यावर अखेर एका पंक्तीला येतात.

चीनमधला अनुभव आम्हा खेडवळांच्या अधिक जवळचा आहे. तिथे २००९ पासून ग्रामीण भागात नवी पेन्शन योजना सुरू झाली. संशोधकांनी पाहिले तर पेन्शन मिळणाऱ्या वृद्धांची झोप सुधारली, दारू-विडी कमी झाली. पण स्मरणशक्ती मात्र पेन्शन नसलेल्यांपेक्षा लवकर खाली आली. कारण शोधता असे आढळले की, त्यांचे चार माणसांत मिसळणे कमी झाले होते. झोप उत्तम, आणि विचारणारे कोणी नाही.

ह्यातही गुंता आहेच. ज्याची स्मृती आधीच ढासळू लागली आहे तो नोकरी लवकर सोडतो. मग निवृत्तीने स्मृती गेली की स्मृतीने निवृत्ती आणली? ज्याच्या नोकरीने जीव मेटाकुटीला आणला होता, त्याला सुटका हेच औषध. अण्णांच्या बाबतीत तर मी निश्चित काहीच म्हणू शकत नाही. मी दर आठवड्याला मोडीचा कागद घेऊन गेलो असतो तरी आजाराने त्यांना गाठले असतेच, असे डॉक्टर म्हणतील, आणि ते बरोबर असेल. फक्त मी गेलो नव्हतो, हेही तितकेच बरोबर आहे.

नेवाशाला ह्या विषयाची एक गंमत आहे. गाव प्रवरेकाठचे. ज्या ग्रंथासाठी जगाला ते ठाऊक आहे तो शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला. म्हणजे गावची कीर्ती कोवळ्या बुद्धीची. पैसाच्या खांबाला पाठ टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांना मी लहानपणापासून पाहत आलो. त्यांतल्या काहींना नातवंडांची नावे चुकत, पण पारायणात ओवी कधी चुकत नसे. पाठ असलेले टिकते हे खरे. मात्र तो तारुण्यातला ठेवा असतो. नवे काही डोक्यात शिरते का, ही परीक्षा निराळी.

त्या परीक्षेचे उदाहरणही आमच्याच गावात आहे. लाडमोड टेकडीवर १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळियांनी उत्खनन केले. मी जन्मलो त्याच सुमारास ते आवरत होते. अश्मयुगातल्या दगडी हत्यारांपासून सातवाहनांपर्यंत आणि पुढे मुसलमानी अमलापर्यंत थरामागून थर निघाले. नेवाशाच्या हत्यारांवरून पुराणाश्मयुगाच्या एका टप्प्याला ‘नेवासियन’ हे नाव पडले. ताम्रपाषाण काळच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते. तांब्याच्या गंजामुळे त्यांतला दोरा शिल्लक राहिला होता! अहवाल १९६० साली छापला गेला. सांकळिया १९७३ साली निवृत्त झाले, पण प्रागैतिहासिक कलेवरचा ग्रंथ आणि आत्मचरित्र दोन्ही १९७८ ची, सत्तरीतली. १९८९ साली ते गेले. शिष्यांची रांग दारात असली म्हणजे गुरूला विसरण्याची मुभा नसते.

माझ्या दारात रांग लागेल असे मला वाटले नव्हते. पण २०२३ पासून राज्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारा माणूस गावोगाव एकाएकी दुर्मिळ वस्तूसारखा महाग झाला. गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची जुनी पाने, खरेदीखते, कुळांचे कागद. कोणी मोबाईलवर फोटो दाखवतो, कोणी पणजोबांच्या पेटीतला तुकडा जपून आणतो. मी पैसे घेत नाही, त्यामुळे गर्दी अधिक. कागदात हवे ते नसले तर तसे सांगतो. एकदोघे रागावूनही गेले. पहिले महिनाभर अक्षरे मला ओळख देईनात. कितीदा वाटले, अण्णांना विचारून यावे. मग अण्णांच्याच हातची एक जुनी वही सापडली. तिच्यात जोडाक्षरे लिहिलेली होती, आणि समासात, ‘हे वारंवार चुकतो’ असे माझ्याबद्दल.

आता माझी स्मृती सुधारली का? मंडळी सांगतील की बाजारातून तीन जिनसा सांगितल्या तर अजूनही दोनच येतात. ते खरे आहे. पण परवा वसुबारसेच्या संध्याकाळी भेंडे गावचा एक कॉलेजातला मुलगा खरेदीखत घेऊन आला. चतुःसीमा वाचीत आम्ही पूर्वेच्या ओढ्यापाशी अडलो. ओढ्याच्या नावाचे तीन अक्षरांचे शब्दचित्र. मी एक वाचतो, तो दुसरे. मी म्हटले, ‘अरे, चाळीस वर्षे मोडी वाचतो आहे.’ तो म्हणाला, ‘आजोबा, पण ह्या अक्षराला खाली गाठ आहे, तुम्ही ती धरली नाही.’ भिंग घेऊन पाहिले. गाठ होती. त्याचे वाचनही मला पटले नाही. त्या बाजूला तसल्या नावाचा ओढा मी कधी ऐकला नाही. तो म्हणतो, आजीला विचारून येतो. फराळाचे ताट त्याच्यापुढे ठेवले तर चकली एका हातात आणि कागद दुसऱ्यात. रात्री जेवताना मी मंडळींना विचारले, तुमच्या माहेरकडे, भेंड्याच्या वाटेवर, ओढ्याला काय म्हणत? त्या म्हणाल्या, ‘कुठल्या ओढ्याला? तिथे दोन आहेत.’

तो मुलगा भाऊबीजेला पुन्हा यायचा आहे.